एका इंचाची चूक

आमच्या शिवणाच्या दुकानात एकच कायदा: गिऱ्हाइकाचं ऐकायचं नाही, टेपचं ऐकायचं. कायदा माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. "माझी कंबर काही एवढी नाही हो," असं कुणी म्हणालं की त्या गोड हसायच्या आणि वहीत टेपचाच आकडा लिहायला लावायच्या. कापड बेतणं त्यांचं, मापं आणि शिलाई माझी.

त्यांना अकरा वर्षांपासून ल्युपस आहे. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते, असला तो आजार. सांधे धरले की स्टिरॉइडची गोळी, गोळी घेतली की पुन्हा कात्री. काहीही दुखलं तरी "ल्युपसचंच गं" म्हणून मोकळ्या. डॉक्टरांनी हाडांची आणि हृदयाची तपासणी सांगितली होती. ती चिठ्ठी दीड वर्ष मशीनच्या खणात लोळत होती. मला भयंकर राग यायचा, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याच कोटासाठी माप घेत होते. मानेपासून कमरेपर्यंत पाठ पंधरा इंच भरली. वहीत सोळा होते. पुन्हा टेप लावली. पंधराच.

"नीट धर. हात वाकडा आहे तुझा," त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षीही पंधराच भरली होती. तेव्हा त्या म्हणाल्या, नेहमीचे सोळाच लिही, आणि मी मुकाट्याने सोळा लिहिले होते.

हे सांगायला वर बघते तर त्या टेबल धरून उभ्या. कपाळ घामाने डबडबलेलं, ओठ पांढरे.

"ताई, काय होतंय?"

"काही नाही. सकाळपासून जबडा दुखतोय, छाती जड वाटतेय. ल्युपसचंच गं. एवढं कापड बेतू दे."

"दवाखान्यात चला."

"अगं, माझं अंग मला कळत नाही का?"

"गिऱ्हाइकाचं ऐकायचं नाही!" मी ओरडलेच. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने वय विचारलं. बेचाळीस. "पित्त असेल," म्हणून तो गोळी लिहायला लागला. माझं डोकंच फिरलं.

"अकरा वर्षं ल्युपस आहे, स्टिरॉइड चालू आहे. आधी ईसीजी काढा, मग काय ते लिहा."

त्याचं पेन थांबलं. ईसीजीचा कागद बाहेर आला तसा तो ताडकन उठला. हृदयविकाराचा झटका होता. त्यांना धावत आत नेलं. मी बाहेर बाकावर दोन तास बसले. गळ्यातली टेप काढायचीही राहिली होती, तीच बोटाला गुंडाळत राहिले.

बंद झालेली रक्तवाहिनी उघडली. त्या वाचल्या.

तिसऱ्या दिवशी पाठीचा एक्स-रे निघाला. दोन मणके दबले होते. "या आजारात आणि या गोळ्यांनी तरुण बायकांचंही हृदय आणि हाडं पोखरली जातात," मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उंची कमी झालेली कधी लक्षात आली?"

"परवा," जाऊबाई म्हणाल्या.

"गेल्या वर्षी," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.

डॉक्टरीणबाई बाहेर गेल्यावर जाऊबाईंनी माझा हात धरला.

"परवा ओरडलीस, तशी गेल्या वर्षी का नाही ओरडलीस गं?"

आवाजात जराही राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.