सर्वांत लहान जाकीट

तळ्यावरच्या धक्क्यापाशी, तिकिटाच्या खिडकीशेजारी, खिळ्याला टांगलेले एक विटके जाकीट तुम्ही पाहिले असेल. ते मी. थंडीत घालायचे जाकीट नव्हे; नावेत बसताना गळ्यात अडकवून पुढे तीन नाड्या बांधतात, ते. माणूस पाण्यात पडला तर त्याचे तोंड वर ठेवायचे, एवढेच माझे काम. मित्रांनो, ते काम मी आयुष्यात एकदाच केले. पुढे ते माझ्याच्याने होणार नव्हते, आणि हे एका माणसाला ठाऊक होते. ती हकिकत तुम्हांला सांगतो.

माझा जन्म शिलाईच्या कारखान्यात झाला. मला शिवणाऱ्या बाई चष्मा कपाळावर सरकवून नुसत्या बोटांच्या अंदाजाने काम करायच्या. नारिंगी जाड कापडाचे कप्पे, कप्प्यांत पातळ प्लास्टिकच्या पिशव्या आणि पिशव्यांत सावरीचा कापूस. शेजारच्या नव्या मुलीला बाई सांगायच्या, "ठासून भरू नकोस गं. आत हवा राहू दे. तरंगवते ती हवा, आपण नाही."

तळ्यावर मोठ्या मापाची तेरा जाकिटे आली. लहान मापाचा मी एकटाच होतो. नव्याचे नऊ दिवस माझे फार कौतुक झाले. दुसऱ्या वर्षी चार वर्षांचे एक पोर नावेतून उतरताना नाव आणि धक्का यांच्या फटीतून खाली गेले. क्षणभर मला सगळे हिरवे दिसले. मग मी त्याला घेऊन वर आलो, तोंड आभाळाकडे करून. त्याच्या आजीने त्याला छातीशी धरले आणि माझ्याच ओल्या खांद्यात तोंड खुपसून ती रडली. मोठी नाव वल्हवणाऱ्या नावाड्याला सगळे मामा म्हणत. त्यांनी मला स्वतः दोरीवर वाळत घातले, तेही सावलीत.

त्यानंतर मालकांनी मुलांसाठी पायडलच्या नावा आणल्या. त्या काठालगत गुडघाभर पाण्यात फिरायच्या. मोठ्या नावेत मोठी माणसेच बसू लागली आणि मला काम उरले नाही.

मामांची बसायची फळी अरुंद होती. दिवसभर वल्ही मारून त्यांची पाठ धरायची. एका दुपारी त्यांनी मला फळीवर ठेवून पाहिले. मी अगदी बेताचा बसलो. "जरा टेकायला," असे ते स्वतःशीच म्हणाले. त्या टेकण्याला नऊ वर्षे झाली.

मला राग नव्हता. खरे सांगायचे तर, कोणाच्या तरी उपयोगी पडतोय याचे बरेच वाटायचे. माझे कापड शाबूत होते, नाड्या शाबूत होत्या. आत मात्र वजनाने एकेक पिशवी फुटत होती. एकदा नाव धुताना मी तळातल्या पाण्यात पडलो. मामांनी मला उचलले तर मी ओल्या गोधडीसारखा जड. त्यांनी पिळले, पुन्हा पिळले, तरी पाणी संपेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. दोन दिवस मला वाळवले आणि पुन्हा फळीवर ठेवले. कधीतरी मालकांना सांगू, असे त्यांनी मनाशी ठरवले असेल. ते सांगणे राहून गेले.

एका सकाळी मोठी नाव दुपारपर्यंत ठरवून एक कुटुंब आले. घरातले म्हातारे निवृत्त शिक्षक होते. मामा त्यांना लगेच मास्तर म्हणू लागले. त्यांच्यासकट मुले, सुना, जावई, नातवंडे मिळून बारा जण. धाकटी मुलगी आपल्या लेकीला घेऊन आठवड्याभरात दूरच्या देशात कायमची राहायला जाणार होती. "सगळे एकदा एका नावेत बसलेले बघायचेत मला," मास्तर मामांना म्हणाले. "पुन्हा कोण कधी जमतंय."

अकरा जणांना मोठी जाकिटे झाली. ती धाकटीची लेक जेमतेम सहा वर्षांची. मोठे जाकीट घालून तिने हात वर केले की ती खालून निसटायची. जाकिटाशिवाय नावेत कोणाला घ्यायचे नाही, हा तिथला नियम. मालक खिडकीतून म्हणाले, "मामा, ते लहान आहे ना तुमच्याकडं? द्या की."

मामा फळीवरून उठले. त्यांनी मला झटकले, मुलीच्या गळ्यात अडकवले आणि गुडघे टेकून नाड्या बांधायला घेतल्या.

"हे गरम का आहे?" मुलीने विचारले.

"कोंबडी अंडं उबवते ना, तसं मामांनी उबवून ठेवलंय तुझ्यासाठी," तिचा मोठा मामा म्हणाला. सगळे हसले. नावाडीमामा हसले नाहीत.

पहिली गाठ बांधून झाली. दुसरी झाली. तिसऱ्या नाडीवर त्यांची बोटे थांबली. मग त्यांनी दोन्ही गाठी सोडल्या आणि मला काढून घेतले.

"काय झालं?" मालक बाहेर आले.

"हे नको."

"का? फाटलंय?"

"फाटलं नाही. मी बसतो याच्यावर."

"अहो, मग झटकलंत ना? धुळीनं कोण बुडतंय होय?"

दाराला लावायची वीट उचलून मामांनी ती मुलीच्या जागी माझ्या नाड्यांना बांधली, एक दोरी अडकवली आणि मला धक्क्यावरून पाण्यात टाकले.

मी तरंगलो. मित्रांनो, काय सांगू, मला इतकी आशा वाटली. वाटले, मामांचाच काहीतरी घोटाळा झाला असेल, मी अजून तसाच आहे.

"तरंगतंय की हो," मुलीचा मामा म्हणाला.

"झाला तमाशा? काढा आता, लोक ताटकळलेत," मालक म्हणाले.

"थांबा थोडं," मामा म्हणाले.

पाणी शिवणीतून आत येत होते. आधी माझा डावा खांदा झुकला. मग उजवा. मी नको नको म्हणत होतो आणि सगळ्यांच्या देखत हळूहळू खाली गेलो. खाली गाळ होता. वरचे काही ऐकू येत नव्हते.

दोरीने मला वर ओढले तेव्हा धक्क्यावर कोणी हसत नव्हते. मुलीच्या आईने तिचा हात घट्ट धरला होता.

"किती दिवस माहीत होतं हे?" मालकांनी विचारले.

"दिवस नाही, वर्षं," मामा म्हणाले. "पाठ दुखायची. पण ते काही कारण नव्हे. चुकलो मी."

"आणि आज तुम्ही बोलला नसतात तर?" मुलीची आई म्हणाली.

मामांनी मान खाली घातली.

ती वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळे जाऊन या. आम्ही दोघी बसतो काठावर."

"मग बारा कुठं झाले?" मास्तर म्हणाले. ते खाली रिकाम्या नावेकडे पाहत राहिले. मग त्यांनी मामांना विचारले, "नाव हललीच नाही, तर चालेल का हो तुम्हांला?"

मामांनी नाव काठालगत, पायडलच्या नावांच्या उथळ पाण्यात आणली आणि दोन्ही टोकांना दोरांनी बांधली. एकेक करून बाराही जण आत बसले. मुलगी आजोबांच्या मांडीवर. डबे उघडले, फळे कापली, मधल्या जागेवरून दोन भावांत लहानपणीसारखे भांडण झाले. "दोघांची लग्नं झाली, पण अक्कल अजून यायचीय," मास्तर म्हणाले. मामा तेवढा वेळ गुडघाभर पाण्यात उभे राहून नावेची कड हाताने धरून होते.

"अहो, दोर बांधलेत की. वर या, दोन घास खा," मास्तर म्हणाले.

"असू द्या," मामा म्हणाले. त्यांनी कड सोडली नाही.

मी धक्क्यावर पडून होतो. माझ्यातून पाणी गळत होते आणि मी ते सगळे पाहत होतो. उतरताना मुलीची आई मामांजवळ थांबली. मुलीला खाली घेण्यासाठी तिने तिला मामांच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळी जाकिटे वीट बांधून पाण्यात टाकून पाहिली. आणखी दोन बुडाली. मामांना महिनाभर मोठ्या नावेवर घेतले नाही. त्यांनीही तक्रार केली नाही. माझी एक शिवण उसवून मला इथे टांगले आहे. आत बोट घालून बघा. कापसाचा गोळा लागेल, दगडासारखा.

मित्रांनो, माझ्यासारखी पुष्कळ जाकिटे अजून नावांत आहेत. त्यांच्यावर बसू नका, त्यांना उशाला घेऊ नका, उन्हात टाकून जाऊ नका. नावेत पाय ठेवण्याआधी आपले जाकीट वीट बांधून पाण्यात टाकून दाखवा, असे नावाड्याला सांगायला लाजू नका. कोणी हसले तर हसू द्या. आणि ते लगेच बाहेर काढू नका, थोडे थांबा. सुरुवातीला मीही तरंगलो होतो.