एका थराचं ठिगळ

दुरुस्तीवाल्यानं स्पीकरच्या फाटक्या पडद्यावर टिचकी मारली आणि खोकं शिवणकाकूंकडे परत सरकवलं. या मापाचा पडदा आता मिळत नाही म्हणाला. घरीच पातळ कागद डिंकानं चिकटवा, पण थर एकच द्या, पडदा जड झाला तर हलायचा नाही. काकूंनी मान डोलावली आणि खोकं काखोटीला मारून घरी आल्या. मान डोलावली म्हणजे पटलं, असं नव्हे. अख्खा जन्म लोकांचे कपडे दुरुस्त करण्यात गेला, आणि हा बाबा त्यांना ठिगळ लावायला शिकवणार!

दमल्या होत्या बिचाऱ्या. मशीनवर वाकून मान आखडली होती, डोळे चुरचुरत होते. टाकून दे ते धूड, नवीन पाठवते, असं लेक फोनवर म्हणाली होती. पण नवीन आलं आणि काकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही तर? काका म्हणजे काकूंचे यजमान. उभी हयात यंत्रमागावर घालवून आता घरी बसलेले. गल्ली त्यांना घुमेकाका म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. काकूंनी स्वयंपाकघरातून कितीही हाका मारल्या तरी ओ देतील तर शपथ. समोर जाऊन उभं राहिलं, की तोंडाकडे टक लावून बघायचे आणि मोजकं बोलायचे. यांना सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं, असं काकू शेजारणींना सांगत. शेजारणी हसत. काकूंना हसू येत नसे.

फक्त संध्याकाळी रेडिओवर जुनी गाणी लागली, की काका आपणहून खुर्ची ओढून स्पीकरपाशी बसत. काकू पलीकडे बसून गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बटणं लावत आणि दिवसभराचं सगळं सांगत. कोण भांडून गेलं, पाठ कशी दुखते, लेकीचं मन सासरी रमलं नाही असं का वाटतं. काका उठून जात नसत. एवढ्या संसारात हाच काय तो दोघांचा वेळ. पण स्पीकरच्या तोंडावरचं कापड काकूंनी धुवायला काढलं ते लावायचं राहून गेलं, आणि काकांना त्यावर हात टेकून बसायची खोड. डुलकी लागली आणि बोटं आरपार गेली. तेव्हापासून ते दिवेलागणीलाच भिंतीकडे तोंड करून आडवे होत. हे खोकं गप्प राहिलं तर आता असंच चालायचं, या भीतीनं काकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्यांनी फाटलेल्या कडा जुळवल्या. पातळ कागद हातात घेतला आणि खाली ठेवला. असलं ठिगळ पहिल्या धुण्यात निघून येईल! स्पीकर कोणी धुवत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण हाताची सवय ऐकते थोडीच. कॉलरीत घालतात ते कडक कापड त्यांनी गोल कापलं, आतून एक आणि बाहेरून एक, आणि डिंक असा चोपडला की पुढच्या पिढीनं नाव काढावं.

दुसऱ्या संध्याकाळी डिंक खडखडीत वाळला होता. काकूंनी तारा जोडल्या. गोधडीत तोंड घालून गावं तसं, पण गाणं आलं. त्यांनी काकांना हाताला धरून आणलं. काका बसले, तळहात टेकला. उचलला, जरा खाली टेकला.

"लाव ना," ते म्हणाले.

"लावलंय."

"कुठं? बंद आहे."

काकूंनी बटण होतं तेवढं फिरवलं. समोरच्या घरातली बाई खिडकीशी आली. काकांनी पुन्हा हात ठेवला आणि मान हलवली. कारखान्यात मागावर असाच तळहात ठेवून ते माग ठीक आहे की नाही सांगायचे, हे काकूंना आठवलं. रेडिओ बंद करून त्या काकांच्या पाठीमागे गेल्या आणि हाक मारली. मग मोठ्यानं मारली. काका भिंतीकडे बघत बसले होते.

त्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "तुम्हाला ऐकूच येत नाही?"

काकांनी नजर खाली घातली. "मागावर सगळ्यांचंच जातं. हळूहळू गेलं. सांगायचं काय त्यात?"

"मग ती गाणी?"

"हाताला लागायची."

पुढचं विचारायला काकूंना धीर होईना. तरी विचारलं. "आणि मी बोलायचे ते?"

"तोंड दिसलं की कळायचं," काका म्हणाले. "बटणं लावताना तू मान खाली घालतेस. तेव्हाचं नाही कळायचं."

मनातलं जे जे होतं, ते काकू मान खाली घालूनच बोलत आल्या होत्या. त्यांना आधी भयंकर राग आला. आपण शेजारणींपुढे काय काय बोललो ते आठवून मग लाज वाटली. नंतर काहीच उरलं नाही, नुसता थकवा. ओल्या फडक्यानं त्या ते कडक ठिगळ भिजवत बसल्या. डिंक सुटला तसं अलगद सोडवलं, आणि जपून पातळ कागद लावला. एकच थर.

तो सुकल्यावर त्यांनी पुन्हा रेडिओ लावला. गाणाऱ्या बाईला पडसं झाल्यासारखा आवाज येत होता, कडेला कागद फुरफुरत होता. काकांनी तळहात ठेवला.

"चालतंय," ते म्हणाले.

काकूंनी बटणांचा डबा बाजूला सारला. खुर्ची फिरवून काकांच्या समोर आणली आणि मान वर केली. सांगायचं किती साठलं होतं, पण मान वर करून बोलायची सवय नव्हती. कुठून सुरुवात करावी ते कळेना.

"पाठ फार दुखते हो," त्या म्हणाल्या.

काका त्यांच्या ओठांकडे बघत होते. स्पीकरवरचा हात त्यांनी काढून घेतला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.