नाल्यावरची शाल

मी एक शाल आहे. शाल म्हटले की ऊब आठवते, म्हणून आरंभीच सांगून टाकते की मी आजवर कुणालाही ऊब दिलेली नाही. मी संतापलेली आहे. तरीही शब्द जपून वापरणार आहे, कारण ज्यांच्या हाती माझे आयुष्य गेले त्यांना जपून वापरलेल्या शब्दांचे फार कौतुक आहे.

उत्तरेकडच्या कुठल्याशा यंत्रमागावर माझा जन्म झाला. अंगात लोकरीचा एक तंतू नाही. सगळा कृत्रिम धागा. रंग डाळिंबी, काठ दुरून जरीचा वाटावा असा. घाटकोपरच्या दुकानात थंडीच्या शाली वरच्या फळीवर होत्या आणि आम्ही खाली, 'सत्काराच्या' म्हणून रचलेल्या ढिगात. खांद्यावर पडायचे, छायाचित्र निघेपर्यंत तिथे राहायचे आणि उतरायचे, एवढेच आमचे काम.

मला कांजूरमार्गच्या एका नागरिक मंडळाने घेतले. मंडळाचे कार्यवाह नंदकुमार निवृत्त अधिकारी आहेत. गृहस्थ सज्जन, बोलणे मृदू, इस्त्रीची घडी कधी मोडत नाही. परिसरात कसलीही अडचण आली की ते संबंधित अधिकाऱ्याला पत्र पाठवून बोलावतात आणि त्याचा सत्कार करतात. नळाला पाणी येत नाही? पाणी खात्याच्या साहेबांचा सत्कार. पदपथ उखडला? रस्त्यांच्या साहेबांचा. साहेब 'लवकरच' म्हणतात, टाळ्या पडतात, मला खुर्चीच्या पाठीवर टाकून ते मोटारीत बसतात. मग मंडळाच्या क्षमाताई मला अलगद उचलून पारदर्शक पिशवीत घालतात. "बरं झालं बाई, नारळ तेवढा नवा आणावा लागतो," असे त्या हसत हसत म्हणतात.

किती खांदे पाहिले मी! त्यांतला एकही माझ्यामुळे वाकला नाही.

आमच्या वस्तीच्या मधून नाला जातो. मंडळाचे बहुतेक सदस्य अलीकडच्या इमारतींत राहतात. लताबाई आणि त्यांचे यजमान सीताराम पलीकडच्या. सीताराम टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला गेले नाहीत तर ते जगणार नाहीत. नाल्यावरचा लहानसा पूल खचला, मधोमध भगदाड पडले आणि कुणीतरी त्यावर एक फळी टाकली. त्या दिवसापासून रिक्षा पलीकडे जाईना.

लताबाई सभेत उभ्या राहिल्या. मी टेबलावर, नारळाशेजारी होते.

"नंदकुमार साहेब, ह्यांना मी हात धरून फळीवरनं नेते. उद्या पाय सरकला तर काय करायचं?"

"आपला विषय नोंदवून घेतलाय, लताबाई. पाठपुरावा चालू आहे."

"चालू आहे ना? मग पोचला कुठपर्यंत?"

मागच्या खुर्च्यांत खसखस पिकली. नंदकुमारांनी स्मित केले. "रविवारी साहेब येतायत. पुष्पगुच्छ तुम्हीच द्या. पलीकडच्या मंडळींनाही मान मिळेल."

लताबाईंनी पुष्पगुच्छ दिला. मी साहेबांच्या खांद्यावर पडले. "हा पूल मी माझ्या घरचा प्रश्न समजतो," असे ते म्हणाले. तो पूल मंडपातून दिसत होता. साहेबांची पाठ त्याच्याकडे होती. पुढे त्यांची बदली झाली. नवे साहेब आले, पुन्हा मंडप, पुन्हा मी.

या वेळी लताबाईंनी नंदकुमारांना गाठले. "चार पावलं चालवत न्या ना त्यांना पुलापर्यंत."

"पाहुण्यांना नाल्याचा वास द्यायचा? भांडून कामं होत नाहीत, लताबाई. संबंध ठेवावे लागतात."

त्यांचा यावर प्रामाणिक विश्वास होता, आणि मला सर्वांत अधिक चीड त्याचीच येते. लबाड माणसाला निदान आपण फसवतो आहोत हे ठाऊक असते. यांनी आदर आणि आर्जव या दोन वेगळ्या गोष्टी एकाच घडीत ठेवल्या होत्या.

श्रावणात फळी ओली होती. डायलिसिसहून परतताना सीतारामांचा पाय सरकला. शेजाऱ्यांनी त्यांना नाल्यातून वर काढले तेव्हा मांडीचे हाड मोडले होते आणि ते थंडीने कुडकुडत होते. पांघरायला कुणाकडे काही नव्हते. हाकेच्या अंतरावर, मंडळाच्या कुलूपबंद कपाटात, मी घडी घालून पडलेली होते! क्षमाताई ही हकिकत दुसऱ्या दिवशी कपाटासमोर उभ्या राहून सांगत होत्या, तेव्हा मला कळली.

मंडळाची तातडीची सभा झाली आणि तीत एकमताने ठराव झाला. पुलाविषयी असेल, असे तुम्हांला वाटले का? 'जिद्दी ज्येष्ठ नागरिक' म्हणून सीतारामांचा सत्कार करण्याचा तो ठराव होता.

सीताराम अंथरुणावर, म्हणून लताबाई आल्या. नंदकुमारांनी मला त्यांच्या खांद्यांवर घातले. त्या खांद्यांवर, हात धरून धरून, एका बाजूला उतार आला होता. मी तिकडे घसरू लागले. छायाचित्र निघाले.

"दोन शब्द बोला, लताबाई."

"दोनच बोलते. पूल कधी?"

"आज आनंदाचा प्रसंग आहे..." नंदकुमार चाचरले.

लताबाई उठल्या आणि चालू लागल्या. क्षमाताई मागे धावल्या. "अहो लताताई, ती शाल... शाल राहू दे इथे."

"का गं? सत्कार माझा झाला ना? मग शाल माझी. की तीही 'लवकरच' देणार?"

सभेत प्रथमच कुणीतरी मनापासून हसले. क्षमाताईंचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

लताबाई तडक पुलावर गेल्या. भगदाडाच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवून त्यांनी मला आडवी, घट्ट बांधली. गाठ मारताना पुटपुटल्या, "आता तरी दिसेल मेल्यांना."

तेव्हापासून मी इथे आहे. उन्हाने डाळिंबी रंग विटला, काठाची खोटी जर काळी पडली. मात्र मला पाहून दुचाकीवाले थांबतात, आया मुलांचा हात घट्ट धरतात. सीतारामांना आता चार शेजारी खुर्चीत बसवून फळीवरून नेतात, कारण डायलिसिस मोडलेल्या हाडासाठी थांबत नाही. काल खुर्ची माझ्याजवळून जाताना ते म्हणाले, "हळू रे, माझा सत्कार टांगलाय तिथं. पाय लागेल!" उचलणारे हसले, आणि लगेच पायांकडे पाहू लागले.

मंडळाने फलकावर सूचना लावली आहे: नाल्यावरील जुन्या शालीमुळे परिसर विद्रूप दिसतो, सबब ती त्वरित काढावी. भगदाडाचा तीत उल्लेख नाही. त्यांना परिसरात विद्रूप अशी एकच वस्तू दिसली, आणि ती मी.

वाचकहो, मला ओढून काढायला कुणी आले तर त्यांना आधी या फळीवरून एकदा पलीकडे जाऊन यायला सांगा. आणि पूल झालाच, उद्घाटनाचा मंडप पडला, कुणा साहेबांचा खांदा रिकामा राहिला, तर मला शोधत येऊ नका. तोवर मी चिंधी झालेली असेन. त्या चिंधीची घडी तेवढी कुणी घालू नका.