उतारावरची माती

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा बापू एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत शिडीवर चढून छतातून वायर ओढत होता. तो वायरमन. फोन भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा होता.

"बापू, शिडीवर असशील तर आधी खाली उतर."

तो उतरला.

"तुझी ताई गेली रे."

"कुठे गेली?" बापूने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं.

ताई गेल्या वर्षी परदेशात नोकरीला गेली होती. डोंगरांचा, दाट झाडीचा आणि वर्षातले बरेचसे महिने पावसात बुडालेला असा तो देश. तिथल्या एका मोठ्या रोपवाटिकेत ती रबराच्या रोपांवर कलमं करायची आणि इतर बायकांना शिकवायची. त्या कामात तिचा हात असा बसला होता की तिने रोपाच्या सालीत बसवलेला डोळा, म्हणजे कलमाचा कोंब, सहसा वाया जात नसे. बोलावणं आलं तेव्हा ती हरखून गेली. भाऊजींचं चष्म्याचं दुकान होतं, ते सोडून त्यांना जाता येईना. मूलबाळ नव्हतं. "जा," ते म्हणाले, "दोन वर्षं काय, बघता बघता जातील." बापूला ते तेव्हाही पटलं नव्हतं. बायकोला असं एकटीला कोण पाठवतं, असं तो आईजवळ पुटपुटला होता. आई म्हणाली होती, "तिला हौस आहे रे. जाऊ दे."

आता मात्र आईने त्याचा दंड धरला आणि एकच सांगितलं, "तिला घरी आण. कशीही असली तरी घरी आण."

"आणतो," बापू म्हणाला.

बापू आणि भाऊजी विमानतळावर उतरल्यापासून पाऊस जो लागला तो सुटलाच नाही. गाडीने डोंगर चढायचा होता. दोन्ही बाजूंनी झाडी रस्त्यावर ओणवलेली, काचेवर पानं घासत होती. दरडींवर शेवाळ, शेवाळावर नेचे, आणि जिथे माती दिसेल तिथून लाल पाणी वाहत होतं. भाऊजी सारखा चष्मा पुसत होते आणि तो पुसताक्षणीच परत धुरकट होत होता.  ते वर पोचले, आणि त्याच दुपारी खालच्या वळणावर मोठी दरड कोसळून रस्ता बंद झाला.

दवाखाना लहानसा होता. डॉक्टरीणबाई थकलेल्या दिसत होत्या. भाऊजींच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला सांभाळून घेत त्यांनी सावकाश सांगितलं. पुराच्या पाण्यातून ये-जा करताना पायाच्या जखमेतून होतो तो ताप. घाणीतले उंदीर, साचलेलं पाणी. सुरुवातीला साधा पडसं-ताप वाटतो, मग एकदम मूत्रपिंडं बंद पडतात. ती आली तेव्हा उशीर झाला होता.

शवागार म्हणजे मागच्या अंगाला एक खोली आणि तिच्यात दोन खणांची लोखंडी शीतपेटी. वरच्या खणात ताई होती. चेहरा पिवळसर पडला होता. हाताच्या बोटांवर चाकूचे जुने वण तसेच होते. बापूने बोटांना हात लावला आणि झटकन मागे घेतला. भाऊजींनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, खण आत ढकलला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

राहायला ताईचीच खोली होती. घरमालकीण म्हातारी, बोलायला कमी, पण खोली तिने झाडून ठेवली होती. छपराला पत्रा होता. पावसाचा जोर वाढला की समोरासमोर बसूनही ओरडून बोलावं लागे. भिंतीला बुरशी, चपलांना बुरशी, मिठाच्या बरणीत मिठाचं पाणी झालेलं. कपाटाच्या फटीतून उजेड येत होता म्हणून बापूने दार उघडलं, तर आत एक बल्ब जळत होता. कपडे कोरडे राहावेत म्हणून तिने तो टांगला होता. वायरचा जोड तिने स्वतःच केला होता, कलमं बांधायची प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून.

"मरायची होती ही शॉक लागून," बापूच्या तोंडून निघून गेलं.

भाऊजी पलंगावर बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. बापूने मुख्य बटण बंद करून तो जोड सोडवला, नीट पीळ देऊन परत केला आणि बल्ब लावला. आत तिच्या साड्या घडी करून ठेवलेल्या होत्या. त्यांना ऊब होती.

मग त्याला राहवलं नाही. "तुम्ही रोज बोलत होतात ना तिच्याशी? तुम्हाला कळलं नाही?"

"सर्दी आहे म्हणाली."

"आणि तुम्ही मान डोलावलीत."

"आवाज बसला होता तिचा. मी म्हटलं वाफ घे."

"वाफ घे!" बापू ओरडला. पाऊस जोरात होता म्हणून ओरडला असं म्हणता आलं असतं, पण तसं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. भाऊजी उठले आणि छत्री न घेताच बाहेर गेले. परत आले तेव्हा नखशिखांत भिजलेले होते. बापूने दोरीवरचा टॉवेल काढून त्यांच्यापुढे टाकला. तोही ओलाच होता.

रस्ता कधी मोकळा होईल ते कोणी सांगेना. माती काढायला यंत्र आलं की वरून आणखी माती येई. त्यात विजेचे खांब पडले आणि गावाची वीज गेली. दवाखान्याकडे जनरेटर होता, पण डिझेल खालून यायचं आणि खालची वाट बंद. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, जनरेटर वॉर्डसाठी आहे, जमेल तेवढा वेळ शीतपेटीला देऊ.

"जमेल तेवढा म्हणजे काय?" बापू भाऊजींना म्हणाला. "सांगा त्यांना, आम्ही तिला न्यायला आलोय."

"तू वॉर्ड बघून ये एकदा."

तो रागातच गेला. वॉर्डात ताईसारख्याच तापाची माणसं होती. एक पोरगी ऑक्सिजनवर होती आणि तिची आई यंत्राच्या हिरव्या दिव्याकडे पापणी न लववता बघत बसली होती. बापू दारातूनच परतला. डिझेलचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पण शीतपेटी जनरेटरवरही चालू होईना. त्याने तिच्या मागचा पत्रा उघडला. वीज खालीवर होऊन पेटीची मोटर सुरू करणारा कपॅसिटर फुगला होता, आतली तारांची टोकं गंजली होती. त्याने टोकं घासली, ओल पुसली. कपॅसिटर कुठून आणायचा? घरमालकिणीच्या अंगणात पाण्याची मोटर होती. त्याने हातवारे करून विचारलं. म्हातारीला काय समजलं कोण जाणे, पण तिने मोटरीकडे बोट दाखवून हात उघडा केला. घे, घेऊन टाक. माप अगदी तेच नव्हतं, पण जवळचं होतं. त्याने तो बसवला, जनरेटरचा पुरवठा मिळताच बटण दाबलं आणि पेटी घरघरली. बापू पेटीला पाठ टेकून जमिनीवरच बसला. आवाज चालू राहिला तोवर तो उठला नाही. भाऊजींनी त्याला भाताचा डबा आणून दिला.

"खा. रिकाम्या पोटी पेटी राखणार का?"

"तुम्ही खाल्लंत?"

"तू खा आधी."

त्याने दोन घास खाल्ले, मग डबा भाऊजींकडे सरकवला. त्यांनीही दोन घास खाल्ले.

पुढे एका सकाळी तो शवागारात शिरला आणि दारातच थांबला. जळलेल्या वॉर्निशचा वास येत होता. हा वास ओळखायला त्याला पत्रा उघडायची गरज नव्हती. कॉम्प्रेसरची आतली गुंडाळी जळली होती. तरीही त्याने पत्रा उघडला, सगळ्या तारा तपासल्या, परत परत तपासल्या. भाऊजी मागे येऊन उभे राहिले.

"होत नाही, भाऊजी," तो म्हणाला. "आता नवाच लागेल. इथे मिळायचा नाही."

"बरं."

"रस्ता उघडेल आज. यंत्रं दोन लागलीत म्हणे."

"बापू." भाऊजी त्याच्या शेजारी उकिडवे बसले. "आता थांबायला नको. मला तिला तसं बघायचं नाहीये. तुलाही बघू द्यायचं नाहीये."

"मी आईला शब्द दिलाय."

"माहीत आहे."

"मग?"

 भाऊजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय लहान आणि अनोळखी दिसत होते.

रोपवाटिकेचा मॅनेजर त्यांना लाकडांच्या पडवीत घेऊन गेला. भाऊजींनी एक ओंडका हातात घेऊन पिळल्यासारखा दाबला, सालीतून पाणी निघालं. त्यावर बोटभर जाड पांढरी बुरशी होती. "हे पेटायचं नाही," ते म्हणाले. "पेटलं तरी अर्धवट. नको." मग ते मॅनेजरला म्हणाले, "तुमच्याकडे जागा असेल तर माती देऊ."

बापूने ऐकलं. तो भांडला नाही. तो पडवीतून निघाला आणि रोपांच्या ओळींमधून सुटल्यासारखा चालत गेला, पार कुंपणापर्यंत. तिथे गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. कोवळ्या रोपांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या, त्याच, कपाटातल्या जोडासारख्या. कुठल्या तिने बांधलेल्या आणि कुठल्या इतरांनी, ते त्याला कळेना.

जागा रोपवाटिकेच्या वर, डोंगराच्या उतारावर मिळाली. ताईबरोबर काम करणाऱ्या बायकाच कुदळी घेऊन आल्या. त्यांनी चार खांब रोवून वर ताडपत्री ताणली. तरी खड्ड्यात पाणी येत होतं. वरून नाही, बाजूंच्या मातीतून पाझरून. बायका डब्यांनी उपसत होत्या आणि ते परत भरत होतं. शेवटी एक बाई भाऊजींना काहीतरी म्हणाली आणि त्यांनी मान हलवली. तळाला केळीची पानं अंथरली, जाड थर. ताईला तिच्याच साडीत गुंडाळलं होतं, कपाटातल्या, कोरड्या. बापू डोक्याकडून आणि भाऊजी पायांकडून, दोघांनी तिला खाली ठेवलं. बापूचा पाय घसरला, भाऊजींनी त्याला दंडाला धरून वर ओढलं. मग मूठमूठ माती. चिखलच तो, हाताला चिकटून राहायचा, झटकावा लागायचा. त्या झटकण्याचंच बापूला सगळ्यात वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता मोकळा झाला.

बातमी मॅनेजरने आणली. बापू पायरीवर बसून बुटांचा चिखल काडीने खरवडत होता. त्याने काडी ठेवली.

"भाऊजी, काढू या तिला."

"नाही."

"एक दिवस झालाय फक्त. गाडी आहे, रस्ता आहे. शवपेटीचं मी बघतो, बर्फ मिळवतो, काहीही..."

"नाही, बापू."

"तुमचं काय जातं नाही म्हणायला! तिकडे आई दारात बसलीय. तुम्ही तिला पाठवलीत, तुम्ही तिला पुरलीत. आणि मी जाऊन काय सांगू? हात हलवत आलो म्हणून?"

घरमालकीण दारात आली आणि परत आत गेली.  भाऊजी म्हणाले, "मी पाठवली. खरं आहे. तिथून उकरून काढायला मात्र मी कोणाला हात लावू देणार नाही. तुलाही नाही."

बापूने आईला फोन लावला. रेंज रस्त्याच्या कडेलाच मिळायची, म्हणून तो छत्रीत उभा राहून बोलला. सगळं सांगितलं, अडखळत, उलटसुलट. पलीकडून काही आवाज नाही. त्याला वाटलं फोन कट झाला.

"आई?"

"ऐकतेय."

"मला माफ कर गं."

"तू निघालास की ती तिथे एकटी?"

"भाऊजी थांबतायत. पाऊस संपेपर्यंत थांबणार म्हणतायत. माती बसते ना, परत परत भर घालावी लागते."

 आई म्हणाली, "त्यांच्याजवळ स्वेटर आहे का? तुझा ठेवून ये."

बापूने स्वेटर पलंगावर ठेवला. निघताना भाऊजी गाडीपर्यंत आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. गाडी चिखलातून कापलेल्या त्या अरुंद वाटेने खाली उतरली. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती होत्या आणि त्यांच्यातून उपटलेल्या झाडांची मुळं लोंबत होती.

भाऊजी परत आले ते पावसाळा सरल्यावर. वाळलेले, दाढी वाढलेली. दुकानात न जाता ते आधी सासूबाईंकडे आले. बापू घरीच होता, पण आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. आईने त्यांना समोर बसवलं आणि विचारत राहिली. झाडं कसली आहेत? वर जायची वाट कशी? तिथून काय दिसतं? कोणी फिरकतं का तिकडे? भाऊजी एकेकाचं उत्तर देत होते. बायका कामाला जाताना थांबतात. त्यांनी तिथे गवताची लागवड केलीय, माती धरून ठेवायला. समोर दरी आहे, सकाळी तिच्यात ढग असतात, काही दिसत नाही.

बापू उंबऱ्यात येऊन उभा राहिला होता. कोणीच त्याला पाहिल्याचं दाखवलं नाही.

"मी पुढच्या वर्षी जाईन म्हणतो," भाऊजी म्हणाले.

"मला न्याल?" आईने विचारलं.

आई कधी विमानात बसली नव्हती. तिचे गुडघे धरलेले असत, चार पायऱ्या चढली की भिंतीला टेकायची. भाऊजींनी बापूकडे पाहिलं.

"चढ आहे, आई," बापू म्हणाला. "निसरडा आहे."

"हळूहळू चढेन. घाई कसली आहे आता."

बापूने दाराच्या चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखाने खरवडला. तो खाली पडेपर्यंत खरवडत राहिला.

"नेऊ," तो म्हणाला. "मी धरीन एका बाजूने. भाऊजी दुसऱ्या बाजूने धरतील."

भाऊजींनी मान हलवली. आई भात टाकायला उठली. दोघांसाठी टाकते, जेवूनच जा, असं ती भाऊजींना म्हणाली, आणि स्वतःचं धरायला विसरली.