अधिकातली कानबाई

“हे कानबाईचं काढ गं,” हितेंद्र सर पुनमच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले. “पुण्याच्या क्लायंटला काय कळणार कानबाई? दिवाळीचं उदाहरण टाक. आणि ती लाल चौकटीतली टीप तर मुळीच नको.”

पुनमने माऊसवरचा हात काढून मांडीवर घेतला. जळगावच्या त्या लहानशा कंपनीत ती सणांच्या तारखा काढणाऱ्या कोड-लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन लिहायची. ॲप बनवणाऱ्यांनी तिथला तयार कोड उचलायचा आणि तो कसा वापरायचा ते पुनमच्या पानांवर वाचायचं. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार, म्हणजे खानदेशातल्या कानबाईच्या सणाचा दिवस, कसा काढायचा हे तिने उदाहरण म्हणून दिलं होतं. खाली टीप होती : ‘अधिक श्रावण असलेल्या वर्षी हा कोड आधी येणारा अधिक महिनाच धरतो. सण त्यानंतरच्या निज श्रावणात असतो. महिना तपासून घ्या.’

“सर, दिवाळी श्रावणात येत नाही, त्या उदाहरणात ही चूक दिसतच नाही.”

“म्हणूनच तर दिवाळी!” सर हसले. “कोड पुढच्या आवृत्तीत सुधारू की. आपल्याच तोंडानं कशाला सांगायचं, आमच्या मालात कीड आहे म्हणून?”

पुनमला शिरपूरजवळच्या आपल्या घराचं दार दिसलं. मागच्या अधिक श्रावणात आबा, म्हणजे तिचे वडील अभिमन, त्या दारात हातात पिशवी घेऊन उभे होते. ते सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला होते. कानबाईला गावोगावचे भाऊबंद घरी येतात, तसे तेही मोबाईलमध्ये दिवस बघून आदल्या संध्याकाळी आले होते.

“मंजुळा, आजून घर सारवेल नही? सकाय कानबाई शे ना!”

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. “हाऊ तं अधिक शे, पुनमना आबा! कानबाई पुढला महिनामा.”

“मोबाईलमा तं सकायनीच दखाडस.”

“मंग मोबाईललेच बसाडा पाटवर!”

सगळे हसले. आबाही हसले, पण त्यांची रजा त्यातच संपली. खऱ्या कानबाईला मालकाने सुट्टी दिली नाही. आईने घरातल्या पुरुषांबरोबर त्यांच्याही नावाचे सव्वा मूठ गहू दळणात घातले, प्रसादाचे रोट भाजले. त्यांचा वाटा पुनमच्या धाकट्या भावाने, किरणने खाल्ला. त्याच वर्षी कार्तिकात सुरतेहून आबांना आणलं ते पांढऱ्या कापडात, गाडीत आडवं घालून. ते ॲप कोणाच्या कोडवर चालायचं, हे पुनमला आजही माहीत नव्हतं. चूक मात्र हीच होती.

ऑफिसच्या टेबलावर साबुदाण्याचा डबा न उघडता पडला होता. आवाज तिचा कधी चढत नसे. उपवासाच्या दिवशी तर नाहीच.

“नाही काढणार, सर.”

“काय?”

“तुम्ही काढा. मी पुन्हा घालीन.”

शेजारच्या दिपमालाचा कीबोर्ड वाजायचा थांबला.

“पुनम, तुझं पर्मनंटचं पत्र अजून माझ्या टेबलात आहे. लक्षात आहे ना?”

“आहे. तिथंच राहू द्या. पण कोणीतरी महिनाभर आधी घरी पोचेल, सर. मग खऱ्या दिवशी त्याला कोण सोडणार?”

“अगं, एखाद्या माणसासाठी?”

“ज्याच्या त्याच्या घरी एकच असतो, सर.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मग कंपनीच्या नावानं नको. त्या टिपेखाली तुझं नाव टाक. क्लायंट बोंबलला तर तू निस्तरायचं. मी मधे पडणार नाही.”

“निस्तरीन.”

तिने खुर्ची पुढे ओढली. लाल चौकटीखाली पुनम पाटील असं लिहिलं. थांबली. मग कर्सर मागे नेला आणि दोन्ही शब्दांच्या मधे एकेक अक्षर सावकाश दाबलं : पुनम अभिमन पाटील.

“मधलं नाव लागत नाही तिथे,” सर म्हणाले.

“लागतं,” पुनम म्हणाली, आणि तिने पान जतन केलं.