तोल

मुंबई ते सुरत अशा पाच टप्प्यांच्या सायकल शर्यतीसाठी एका कंपनीला पगारी स्वार हवे होते. डहाणू-तलासरीतून दोघे घेणार होते. कोण टिकेल याचा अंदाज लिहून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी कोसबाडला विज्ञान शिकवत होतो आणि माझ्याकडे सेकंदकाट्याचं घड्याळ होतं.

रविवारी तिघा इच्छुकांना खाडीपासून कोसबाडच्या टेकडीपर्यंत एकेकटं सोडलं आणि उसन्या मोटारसायकलवरून मी प्रत्येकाच्या मागे गेलो. वेवजीचा शुक्रा रोज सायकलने लाकडाच्या वखारीत जाई. त्याला बावीस मिनिटं लागली. पोस्टाच्या तारा वाटणारा बाळ्या पंचविसाव्या मिनिटाला पोचला, पण चढ संपल्यावर मोजली तेव्हा त्याची नाडी एकशे ऐंशीवर होती. धाकटी डहाणूचा नारू दहा वर्षं सायकलच्या मागे मासळीची पाटी बांधून तलासरीच्या बाजाराला जात होता. माझी आशा त्याच्यावरच होती. त्याचं हँडल सारखं लटपटत होतं. एकदा तो पडला आणि एकतीस मिनिटांनी आला.

मी लिहिलं : नारू. दम आहे, तोल नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको चंद्रावती शाळेत आली. बाळ्याने माझा शेरा वाचून वस्तीत सांगितला होता आणि नारूने सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती. नारूला बोटीवर भोवळ येई, म्हणून तो समुद्रावर जात नसे, हे मला तेव्हा कळलं. मासेमारीच्या गावात अशा माणसाला कोण मोजतो? त्याची पत सायकलवर होती.

"बोटीवर तोल नाही म्हणून गाव हसलं, मास्तर," ती म्हणाली. "आता तुम्ही जमिनीवरचाही काढून घेतलात."

मी तिला आकडे दाखवले. तिने ते पाहिलेसुद्धा नाहीत.

"तुम्ही त्याला रिकामा पळवलात. रिकामा तो कधी गेलाय?"

हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मागचं ओझं सावरण्यासाठी जितका जोर लागे, तितकाच जोर तो सवयीने हँडलवर देत होता. ओझं नसताना त्याच जोराने सायकल भरकटत होती.

त्याच दुपारी नारूला पाटीत वीस किलो ओली वाळू भरून पुन्हा सोडलं. चोवीस मिनिटं, आणि चाकाची रेघ दोरीसारखी सरळ. मग आम्ही रोज पाच किलो वाळू कमी करत गेलो. बुधवारी तो एकदा शेतात शिरला. शुक्रवारी पाटी रिकामी होती. शनिवारी पाटीही काढली. टेकडीशी मी घड्याळ पाहिलं : एकवीस मिनिटं, पन्नास सेकंद. रबराने जुना शेरा खोडून मी नारूचं नाव सर्वांत वर लिहिलं.

रविवारी कंपनीचे गृहस्थ आले. त्यांनी स्वतः तिघांना पळवून पाहिलं आणि नारूला व शुक्राला घेतलं. पोस्टमास्तरांच्या आग्रहाने चाचणीत उतरलेला बाळ्या सुटल्यासारखा हसला आणि नारूची सायकल पुसायला बसला.

"आता तलासरीला मासळी कुणी न्यायची?" चंद्रावतीने विचारलं.

"तू ने," नारू म्हणाला. "डोक्यावर. तुझा तोल चांगला आहे."

ती त्याला मारायला धावली. तो सायकलवर बसला आणि एक हात सोडून, सरळ रेषेत, खाडीकडे निघून गेला.