मामांचं नाव पुसायचं कोणी?

मी डस्टर बोलतोय. शाळेतला नव्हे. शाळेतल्या डस्टरच्या पोटात पाढे, नकाशे आणि व्याकरण जातं. माझ्या पोटात फक्त माणसं गेली आहेत.

कुलपांच्या कारखान्यात मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथे खोकी रचून ठेवायचे, आता फुटबॉलचा संघ कपडे बदलतो. भिंतीवर फळा आहे आणि फळ्याखालच्या लाकडी पट्टीवर मी. दर शुक्रवारी संध्याकाळी फळ्यावर अकरा नावं लिहिली जातात, रविवारी ती मैदानात पळतात आणि सोमवारी मी ती पुसून टाकतो. हरल्यानंतरच्या शुक्रवारची नावं पुसायला जास्त जोर लागतो. मास्तर रागाने खडू दाबून लिहितात ना, म्हणून.

माझा जन्म मामांच्या हातून झाला. मामा म्हणजे कारखान्याचे सुतार आणि संघाचे कप्तान. एका तुटक्या बाकाच्या फळीतून त्यांनी मला कापलं, कडा घासल्या आणि खाली लोकरीचं कापड म्हणून स्वतःचा खेळायचा जुना मोजा घडी घालून ठोकला. त्या मोज्याचा वास पहिले सहा महिने खोलीत माझ्या आधी पोचायचा. मी मात्र अभिमानाने फिरायचो. कप्तानाच्या पायात राहिलेला माल होतो मी!

मास्तर हे काही शिक्षक नव्हेत. ते कारखान्याचे स्टोअरकीपर आणि संघाचे प्रशिक्षक. फळ्यासमोर उभे राहिले की चष्मा कपाळावर ढकलतात, म्हणून मास्तर. मामा आणि ते एकाच वर्षी संघात आले, जिवलग मित्र झाले आणि मग मास्तरांनी मामांच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं. त्या दिवसापासून घरात दोघं एकमेकांना अहो-जाहो करतात आणि मैदानावर अरे-तुरे. मास्तरांची मुलं मामा म्हणायची, म्हणून आख्खा कारखाना मामा म्हणायला लागला. मामांची बहीण ती सगळ्यांची वहिनी. ती दवाखान्यात नर्स आहे, आणि मास्तर जगात फक्त तिलाच घाबरतात.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मामा एक्केचाळीस वर्षांचे होते आणि संघाचं सरासरी वय सदतीस होतं. सामन्याआधी खोलीत मालिशच्या तेलाचा असा घमघमाट सुटायचा, की माझा मोजा लाजून गप्प बसायचा. आमचा डावीकडचा पुढचा गडी दम लागला की खाली वाकून बुटाची नाडी बांधायचा. एका सामन्यात त्याने नऊ वेळा नाडी बांधली. पंचांनी शेवटी विचारलं, "बूट नवीन आहेत का?"

मास्तरांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण फळ्यावर नावं लिहायला लागले की आधी जुन्यांची लिहायचे, मान म्हणून. जुने लिहून होईपर्यंत अकरा भरायचे. तरणी पोरं बाकावर बसून पाय हलवत राहायची.

पाच सामन्यांपैकी चार हरलो. मग मोठे साहेब स्वतः खोलीत आले, तेलाचा वास घेतला आणि म्हणाले, "मास्तर, हा संघ आहे की निवृत्तांचं मंडळ? या वर्षी खालच्या गटात घसरलात, तर ही खोली मी गोदामाला देणार. संघबिंघ बंद."

मास्तरांची गाळण उडाली. त्यांनी त्याच आठवड्यात एका दमात नऊ जुनी नावं पुसली. मामांचं पुसायची वेळच आली नाही, कारण मामांची मान धरली होती आणि त्यांना उजवीकडचं जग दिसत नव्हतं. मैदानात सगळी विशी-बाविशीची पोरं उतरली. काय पळाली! चेंडू जिकडे जाईल तिकडे दहाच्या दहा, गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी. मागे आमचा गोलकीपर एकटा उभा, लग्नघरात विसरून राहिलेल्या पाहुण्यासारखा. सहा गोल खाल्ले. सोमवारी मला त्या नावांना हात लावतानाही वाईट वाटलं. एकाही अक्षराचा दम गेला नव्हता.

त्या पोरांत एक होता लंब्या. लेथवर नवीन लागलेला, ताडमाड उंच, मामांच्याच जागेवर, बचावफळीच्या मधोमध खेळणारा. दोष एकच. त्याला फक्त चेंडू दिसायचा, माणसं दिसायची नाहीत. मामांचं बरोबर उलटं. त्यांना सगळी माणसं दिसायची, पण ती गाठेपर्यंत माणसं घरी जाऊन जेवायला बसलेली असायची.

शेवटचा सामना दूध डेअरीच्या संघाशी होता. बरोबरी झाली तरी आम्ही तरणार होतो. शुक्रवारी मास्तर एकटेच फळ्यासमोर उभे राहिले. दहा नावं झाली. सहा नवी, चार जुनी. या खेपेला त्यांनी खरंच डोकं लावलं होतं. राहिलं अकरावं.

त्यांनी लिहिलं, 'मामा'. मला उचललं, पुसलं. लिहिलं, 'लंब्या'. पुसलं. पुन्हा 'मामा'. असं आठ वेळा झालं. दोघं माझ्या अंगात इतके मिसळले, की मला मेलं कोण कुठलं तेच कळेना. नवव्यांदा त्यांनी 'मामा' पुसायला मला टेकवलं, अर्धं पुसलं, आणि दार उघडलं. मामा आत आले.

फळ्यावर नुसता 'मा' उरला होता.

मामांनी तो नीट वाचला. "हा 'मा' कोणाचा रे? मास्तर स्वतः खेळणार की काय?"

"नाही रे, ते... खडू चुकला."

"खडू चुकला. बरं. हा डस्टर कोणी केला?"

"तू."

"माझ्याच हातच्या डस्टरने माझंच नाव? आणि तेही मी नसताना, पाठीमागे?" मामांनी मला मास्तरांच्या हातातून ओढलं आणि खिशात कोंबलं. "आता पूस कसं पुसतोस ते. बघतोच."

आणि मला घेऊन ते घरी गेले. अशी माझी पळवापळवी झाली.

मामींनी मला जेवणाच्या टेबलावर पाहून "हे पायपुसणं इथे कोणी ठेवलं?" असं विचारलं. तो अपमान मी गिळला. मामांनी मला डोळ्यांआड होऊ दिलं नाही. शनिवारी सकाळी ते परसात गेले तेव्हाही मी शर्टाच्या खिशात होतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते धावायला लागले. खिशातून मला त्यांचं काळीज ऐकू येत होतं, आणि खालून गुडघा. बिजागरीत तेल नसलं की दार बोलतं, तसा तो बोलत होता. चौथ्या फेरीला ते एका खोक्यावर बसले. आधी इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नाही ना. कोणी नव्हतं. मग त्यांनी गुडघा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मला ते बघवेना.

दुपारी ड्युटी संपवून वहिनी आली.

"दादा, डस्टर दे."

"नवऱ्याने पाठवलं वाटतं?"

"ते पाठवायला घाबरतात. कालपासून जेवणाच्या टेबलावर बोटाने नावं लिहितायत आणि बाहीने पुसतायत. माझं टेबल इतकं लख्ख कधी नव्हतं."

"म्हणजे तू त्याच्या बाजूने."

"मी गुडघ्याच्या बाजूने," वहिनी म्हणाली आणि समोर बसून तिने त्यांचा पाय आपल्या मांडीवर ओढला. "खरं सांग, किती मिनिटं पळवतं तुला?"

"नव्वद."

वहिनीने अंगठा दाबला.

"आई गं! साठ, साठ."

तिने आणखी दाबला.

"वीस! सोड, वीस!"

वहिनीने पाय सोडला. मामांनी गुडघा चोळला. मग हळू म्हणाले, "पण बाहेर बसून मी करू काय गं? आत खेळायचं कसं ते मला येतं. बाहेर बसायचं कसं ते कोणी शिकवलंच नाही."

"पहिल्यांदाच बसणार आहेस. वाईट बसशील. पण बस." ती उठली. "आणि त्यांनी तुला तोंडावर सांगितलं नाही, हा तुझा राग खरा आहे. तो मी आता घरी जाऊन काढते."

तो तिने कसा काढला मला ठाऊक नाही. पण रविवारी सकाळी मास्तर खोलीत आले तेव्हा त्यांचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सरळ होता. मामा आधीच येऊन थांबले होते.

"मामा, आज सुरुवातीला लंब्या खेळेल," मास्तर त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले. "शुक्रवारीच सांगायला हवं होतं. घाबरलो."

"शेवटची वीस मिनिटं मला," मामा म्हणाले. "आणि बाहेर बसलो तरी बोलणार."

"बोल."

मामांनी मला खिशातून काढून मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांनी 'मा' पुसला, तिथे 'लंब्या' लिहिलं आणि अगदी खाली, बाराव्या ओळीत, 'मामा'. घाईगडबडीत मला पट्टीवर ठेवण्याऐवजी स्वतःच्या पँटच्या खिशात टाकलं. म्हणून पुढचं सगळं मला बघायला मिळालं. काळजी वाटली की मास्तर मला बाहेर काढून पिळायचे आणि मग पुन्हा खिशात.

वहिनी म्हणाली होती तसे मामा वाईट बसले. म्हणजे बसलेच नाहीत. "लंब्या, डावीकडे बघ! लंब्या, चेंडू सोड, माणूस धर! अरे माणूस, माणूस!" पंचांनी दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा खिशातून पिवळं कार्ड काढलं. मैदानात पाऊलही न टाकता कार्ड खाणारे आमच्या संघातले ते पहिलेच. मास्तरांनी डोक्याला हात लावला. त्या हातात मी होतो. पुढचा सगळा सामना त्यांचे केस पांढरे होते.

पण लंब्या ऐकत होता. दर ओरडण्याला एकदा मान वळवून माणसं बघत होता. मध्यंतरानंतर आमच्या एका पोराने पळत जाऊन गोल केला. आम्ही एकने पुढे!

सत्तराव्या मिनिटाला मामा आत गेले. नाडी बांधणारा बाहेर आला, आणि मामा लंब्याच्या शेजारी उभे राहिले. पुढची पंधरा मिनिटं मी कधी विसरणार नाही. मामा बोट दाखवायचे, लंब्या तिथे पोचलेला असायचा. डेअरीवाले वैतागले.

आणि मग मामांच्या पोटरीत गोळा आला. नेमके गोलच्या तोंडाशी ते आडवे झाले. आता नियम असा आहे, की आपला माणूस जेवढा मागे, तेवढं समोरच्यांना पुढे यायला मोकळं रान. मामा गोललाइनीशी झोपलेले असल्यामुळे डेअरीचे तिघे आरामात पुढे आले आणि त्यांच्या अंगावरून गोल मारून गेले. एक-एक.

"उठ!" मास्तर ओरडले.

"उठता आलं असतं तर झोपलो असतो का?" मामा आडव्यानेच ओरडले.

बदली खेळाडू संपले होते. मामा लंगडत जाऊन गोलचा खांब धरून उभे राहिले. शेवटच्या मिनिटाला डेअरीला कॉर्नर मिळाला. त्यांनी चेंडू उंच मारण्याऐवजी जवळच सरकवला, आणि आमची सगळी पोरं सवयीप्रमाणे तिकडे धावली. मामांना मात्र डाव दिसला.

"लंब्या, मागे! माझ्याकडे ये!"

एकटा लंब्या वळला. का वळला ते त्यालाही सांगता येणार नाही. दोन ढांगांत तो परत आला, आणि डेअरीवाल्याने मारलेला चेंडू सरळ त्याच्या तोंडावर आदळून बाहेर गेला. शिटी वाजली. बरोबरी! आम्ही तरलो.

खोलीत लंब्या नाकात कापूस घालून बसला होता. मामा म्हणाले, "तोंड मधे घालायचं नसतं रे, कपाळ घालायचं."

"आणि मामा, गोललाइनीशी झोपायचं नसतं," लंब्या नाकातून म्हणाला. हसता हसता त्याचं रक्त पुन्हा सुरू झालं. वहिनीने दोघांनाही दम भरला.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. खोली आमचीच आहे. फळ्यावर आता आधी जुने की आधी नवे असं राहिलं नाही, मास्तर कोणाचंही नाव कुठेही लिहितात. पण पुसण्याआधी त्या माणसाला बाजूला घेऊन सांगतात, आणि मग ते पुसलेलं अक्षर माझ्या अंगाला टोचत नाही.

मीही झिजलो. माझा मोजा आता कागदाइतका पातळ झालाय, आणि आत्ता, मी तुमच्याशी बोलत असताना, दोघं जण मला दोन टोकांना धरून ओढतायत.

त्याचं असं झालं. नवा मोसम सुरू होतोय. मामा आज येऊन म्हणाले, "मास्तर, या वर्षी बारावी ओळ पूस. बास झालं." मास्तरांना खरं तर आनंद व्हायला हवा. पण ते खवळले. "पुसू कसं? पोरांना मागे कोण बोलावणार? पंधरा मिनिटं तरी यायलाच हवं."

"मी पुसतो, आण तो डस्टर."

"हात लावू नकोस!"

"बरं, दहा मिनिटं येईन."

"पंधरा."

"अरे, गुडघा कोणाचा आहे? अकरा."

"चौदा."

सौदा तेरावर पटेल असा माझा अंदाज आहे. पटो बापडा. माझी एकच विनंती आहे. तोवर कोणीतरी मला खाली ठेवा. दोन्हीकडून आवाज येतोय, आणि तो मोज्याच्या शिवणीचा आहे.